बिगर पेटीची देवी

माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत आणि मी सरकारी देवी टोचणारा आहे. या दोन गोष्टी एकाच माणसात असाव्यात याची जाफराबादकडच्या बायांना फार मौज वाटे. मी सायकलवरून उतरलो की त्या आधी माझ्या तोंडाकडं बघत, मग हातातल्या टोचणीकडं, आणि मग पोराला पदराआड घेत. पहिल्याच गावात एका बाईनं विचारलं, की टोचून घेतल्यावर तोंड असं होतं का. मी तिला समजावलं, की मला सहाव्या वर्षी देवी आल्या त्या टोचलं नव्हतं म्हणूनच. आमच्या गावी तेव्हा कुणी टोचणारा फिरकला नव्हता, आणि म्हणून तर मी ही नोकरी धरली. उत्तर बरोबर होतं, पण लांब होतं. ते संपेपर्यंत बाई घरात जाऊन आतून कडी लावून बसली होती.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. उर्दूत शिकलेली माझ्यासारखी पोरं नव्या राज्यात आपलं काय होणार म्हणून कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होती. मला कारकुनी मिळत होती. ती सोडून मी गावोगाव हिंडायची नोकरी घेतली, तेव्हा सासऱ्यांनी मंठ्याहून खास माणूस पाठवून विचारलं, की जावयाचं डोकं ठिकाणावर आहे ना. ते ठिकाणावर होतं. मला ते काम मनापासून आवडलं होतं. दिवाळी झाली की शिमग्यापर्यंत हंगाम. सायकलच्या हँडलला ओल्या फडक्यात गुंडाळलेलं गाडगं, त्यात लशीच्या काचेच्या नळ्या. पोराच्या डाव्या दंडावर लशीचा थेंब ठेवायचा, त्यावर दातेरी चकतीची टोचणी फिरवायची, आणि आठ दिवसांनी परत जाऊन बघायचं. मधोमध खळगा असलेला टपोरा फोड उठला असेल तर देवी धरली. तसा फोड दिसला की मला इतका आनंद व्हायचा की घरी येऊन मी त्याचं वर्णन करायचो. बायको म्हणायची, लोक जेवताना दुसरं काहीतरी बोलतात.

आता झोपेबद्दल. मला झोप येत नसे. म्हणजे रात्री येत नसे. दिवसा, नको तिथं, भरपूर येई. तहसील कचेरीतल्या बैठकीत आली, न्हाव्यापुढं आली, एकदा चालत्या सायकलवर आली आणि मी गाडगं वर धरून तुरीच्या शेतात गेलो. आईचं म्हणणं होतं, की लहानपणी देवीनं याला सोडलं, पण जाताना याची झोप बरोबर नेली. बायको मंठ्याची, व्यवहारी. देवीकडून परत काही मागण्यात अर्थ नाही, हे तिनं ओळखलं आणि स्वतःच उपाय सुरू केले. टाळूवर एरंडेल झालं, तळपायाला काशाची वाटी झाली, दुधात जायफळ झालं. शेवटी तिनं खसखशीची खीर केली आणि ती घरातल्या सगळ्यांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर येईस्तोवर घर घोरत होतं आणि म्हैस हंबरून हंबरून दमली होती. जागा होतो फक्त मी, आणि मला दूध काढता येत नव्हतं.

राहता राहिली पेटी, म्हणजे बाजाची पेटी. ती आमच्या शेजारच्या पेशकारसाहेबांची. तहसिलातली त्यांची नोकरी संपली आणि ते हैदराबादेला मुलाकडं निघाले, तेव्हा गाडीत सगळं मावलं, पेटी मावली नाही. लहानपणापासून मी त्यांच्या ओसरीवर बसून ऐकत आलो होतो. दोन-चार गोष्टी त्यांनी मला शिकवल्याही होत्या. त्यांनी पेटी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बजाते रहना बेटा. बंद पेटी में सुराँ मर जाते." हे मी आज्ञेसारखं धरलं. रात्री झोप नाही, हाताशी पेटी, आणि वडीलधाऱ्या माणसाची आज्ञा. शेजाऱ्यांना काय भोगावं लागलं असेल याची कल्पना मला फार उशिरा आली.

घरात वाजवायची बंदी झाली म्हणून मी पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून गावोगाव नेऊ लागलो. चावडीत उतरायचं, दिवेलागणीला पारावर बसून वाजवायचं. पहिल्या हंगामात याचा अजब उपयोग झाला. भाता हलला की गावातलं प्रत्येक पोर पळत यायचं. सकाळी तीच पोरं तोंडओळखीनं जवळ यायची आणि मी धडाधड टोचून मोकळा. आपल्याला एक युक्ती सापडली असं मला वाटलं. युक्ती पोरांनाही सापडली. दुसऱ्या हंगामात मी पहिला सूर लावला की गाव ओस. पहिल्या वर्षी पेटीनं पोरं आली, दुसऱ्या वर्षी पेटीनंच गेली. दुधानं तोंड पोळलेली ती मंडळी ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली. जाफराबादेत गुरुवारच्या भजनाला मी साथीला बसलो, तर आयांच्या मांडीवरची पोरं एकदम भोकाड पसरून दंड झाकायला लागली. अर्ध्या बाया उठून गेल्या. बुवांनी मला अतिशय प्रेमानं सांगितलं, की तुम्ही काही दिवस नुसते टाळ वाजवा.

त्या दिवशी बायकोनं मला समोर बसवलं. तिला तेव्हा दिवस गेले होते आणि ती बोलली की तिच्याशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती.

"तुमच्यानं तीन गोष्टी एकदम व्हायच्या न्हाईत," ती म्हणाली. "झोप तुमच्या हातात न्हाई. नोकरीवर घर चालून राह्यलं. मंग राह्यलं काय, तुम्हीच सांगा."

मी सांगितलं नाही. ते कॅरिअरला बांधलेलं होतं. शेवटी असं ठरलं, की पेटीपायी एक जरी गाव टोचायचं हुकलं, तर पेटी शाळेला देऊन टाकायची. मी हो म्हटलं. शाळेचे हेडमास्तर पेटीवर वह्यांचे गठ्ठे ठेवतील हे मला तेव्हाच दिसत होतं.

पुढच्या हंगामात, पौषात, पूर्णेच्या काठच्या एका गावाला मी पोचलो. वरच्या अंगाच्या गावात देवी आल्याची खबर होती. दोन पोरं गेली होती. म्हणजे या गावात सगळ्यांना लगोलग टोचायला हवं होतं. मी पेटीला हातसुद्धा लावला नव्हता. कॅरिअरवर ती दिसली तेवढंच पुरलं. गावाशेजारी ज्वारी पुरुषभर उंच उभी होती. मी पारापर्यंत सायकल ढकलत आणली तोवर गावातली झाडून सगळी पोरं ज्वारीत शिरली होती. मी शेताच्या धुऱ्यावर उभा राहून हाका मारल्या. ज्वारी हलायची आणि थांबायची. पाटलाच्या घरी गेलो, तर पाटलाची म्हातारी आई उंबऱ्यात धान्य निवडत बसली होती. तिनं सांगितलं, की लेकरं मामाच्या गावाला गेलीत. मी विचारलं, सगळ्यांचे मामा एकाच गावी कसे. ती म्हणाली, योगायोग.

मला तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. पारावर लिंबाच्या सावलीत येऊन टेकलो. हे गाव हुकणार, पेटी शाळेत जाणार, हे एक. पण वरच्या गावातली ती दोन पोरं मनातून जात नव्हती, आणि त्यांच्यापुढं पेटीचा विचार करतो याची मला शरम वाटत होती. अशा विचारात माणूस जागा राहतो म्हणतात. मी भर दुपारी तिथंच आडवा झालो आणि गाढ झोपलो.

जाग आली ती कसल्यातरी आवाजानं. पेटीच होती, पण कुणीतरी तिचा गळा दाबत असावं असा तो आवाज होता. मी डोळे न उघडता पडून राहिलो. हळूच एक डोळा किलकिला केला. सात-आठ वर्षांची एक मुलगी पेटीपुढं बसून दोन पट्ट्या आलटूनपालटून बडवत होती, एक शेंबडा पोरगा दोन्ही हातांनी भाता ओढत होता, आणि भोवती दहा-बारा जण ज्वारीची पानं केसांत अडकलेली, श्वास रोखून बघत होते. ऊन कलून पाराच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं. म्हणजे एवढ्या गोंधळात मी दोन तास तरी झोपलो होतो. इतकी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

मी उठून बसलो तशी पोरं चारी वाटांना पळाली. मुलगी तेवढी राहिली. तिला एक अडचण होती.

"दाक्तर, ही पट्टी खाली बसली, वर येईना."

मी पट्टी नखानं उचलून दिली. तिनं पुन्हा दाबली, पुन्हा वाजली, तिचं तोंड फुललं. तेव्हा मला जे सुचलं ते आयुष्यात एकदाच सुचतं. मी तिला म्हटलं, "तू उजव्या हातानं वाजव. डावा हात मला दे."

तिनं माझ्याकडं पाहिलं, गाडग्याकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं. पोरगी हुशार होती, सौदा तिला पुरता कळला. "टोचताना वाजवणं थांबवायचं का?"

"थांबायचं न्हाई," मी म्हणालो. "बिलकुल थांबायचं न्हाई."

शेंबड्या पोराला हाक मारून तिनं भात्याला बसवलं. मी टोचणी फिरवली तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटले, ओठ दाताखाली धरला, आणि ती एकच पट्टी दाबून धरली. सूर लांबच लांब निघाला. टोचून झालं. तिनं दंडाकडं पाहिलं, मग उठून भात्यावर बसली, आणि शेंबड्याला दमात घेऊन पेटीपुढं बसवलं. दिवे लागायच्या आत पाराला रांग लागली होती. एक टोचून घेई आणि वाजवी, मागचा भाता ओढी, त्याच्या मागचे लवकर उरक म्हणून ओरडत. ज्वारीतून पोरं निघतच होती. मामाच्या गावची मंडळी फार जल्दी परत आली.

पाटलाची आई कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती. काळोख पडताना ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, रागावते. पण तिची वेगळीच तक्रार होती.

"असं हाय व्हय," ती म्हणाली. "मंग आधी सांगायचं ना, लेकरा. देवीचं काम बिगर गाण्याचं कसं व्हईल?"

तिचं बरोबर होतं, तिच्या बाजूनं. घरात देवी आली की आमच्याकडं तिला रोग म्हणत नसत. ती पाहुणी. दाराला लिंबाचा डहाळा, चुलीवर फोडणी बंद, आणि आजाऱ्याच्या उशाशी बायांची देवीची गाणी, तीही तिचं पाऊल उठेपर्यंत. आणि आम्ही सरकारी माणसं आजवर काय करत आलो, तर कोरडं टोचून निघून जात होतो. म्हातारीच्या मते लोक टोचून घेत नव्हते ते यामुळंच. इतक्या वर्षांनी सरकारला रीतभात कळली याचा तिला आनंद झाला होता.

मी तिला लशीबद्दल बरंच सांगितलं. ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. खरं सांगायचं तर मी घडा सुलटा करायची फार खटपट केली नाही. आठ दिवसांनी गेलो, तर दोघं सोडून सगळ्यांची देवी धरली होती. त्या दोघांची का धरली नाही याचा शोध म्हातारीनं आधीच लावून ठेवला होता. त्यांच्या वेळी भात्यावरच्या पोराला शिंक आली होती आणि सूर तुटला होता. दोघांना मी पुन्हा टोचलं आणि तिच्या समाधानासाठी प्रत्येकी दुप्पट वाजवू दिलं. पुढं शिमग्यापर्यंत देवी पूर्णेच्या काठानं हिंडली, पण त्या गावात एकही पोर गेलं नाही. मग काय विचारता. बिगर पेटीची देवी धरत न्हाई, ही गोष्ट अंगारकीला राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या बायांनी वाटेवरच्या गावागावांत पोचवली.

तिथं माझं दैव फिरलं. शेजारच्या भागात दुसरा एक टोचणारा हिंडत असे. शांत, वक्तशीर, रात्री नऊला झोपणारा माणूस. त्याला लोकांनी विचारलं, पेटी कुठंय. त्याच्याकडं पेटी नव्हती. चार गावांतून त्याला चहा पाजून परत पाठवलं. पाचव्या गावात कुणीतरी पेटी नसली तर निदान काही म्हणून दाखवा असं सुचवलं, तेव्हा त्यानं वर अर्ज केला.

आमचे वरचे साहेब पुण्याकडचे. नव्या राज्यात तिकडून जे अधिकारी आले त्यांतले. स्वच्छ बोलणारे, स्वच्छ धोतराचे, आणि सगळ्या गोष्टी कागदावर असाव्यात असं मानणारे. ते जीपनं जाफराबादेला आले आणि माझ्या ओसरीवर बसून त्यांनी मला विचारलं, की शासकीय कामात वाद्य वाजवण्याची तरतूद कुठं आहे. मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, मग वाद्य घरी राहील. उद्या आपण दोघे त्याच गावी जाऊ, हंगामात जन्मलेली आणि राहिलेली मुलं टोचू, आणि लोकांचा गैरसमज दूर करू. आतून माझी बायको ऐकत होती. साहेबांची पाठ वळताच तिनं पेटी उचलून माळ्यावर टाकली आणि हात झटकले. मला वाटलं, तेल गेलं, तूप गेलं. आता हाती टाळ तेवढे राहिले.

इथं मला एक कबूल करायला हवं. आमच्या घरात तेव्हा आठ महिन्यांची मुलगी होती आणि तिला टोचलेलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बायको म्हणायची, जरा मोठी होऊ द्या. मी रागावल्यासारखं करायचो आणि मनातून सुटल्यासारखं वाटायचं. तालुकाभरच्या पोरांना टोचताना मी कधी थांबलो नाही, पण स्वतःच्या पोरीचा दंड हातात घेतला की थांबायचो. दोनदा टोचणी काढली आणि परत ठेवली. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावात आमचा मोठा पाहुणचार झाला. साहेबांना पारावर बाज टाकून दिली, वर चौघडी अंथरली. साहेबांनी तासभर समजावलं. भाषा इतकी शुद्ध होती की बाया मान डोलवत ऐकत होत्या. बोलणं संपल्यावर पाटलाच्या आईनं विचारलं, "समदं बराबर हाय साहेब. पेटी कुठंय?" साहेबांनी पुन्हा समजावलं. चहा आला. पोर एकही आलं नाही. तिसऱ्या चहानंतर साहेब घड्याळ बघायला लागले. लशीच्या गाडग्यावर मी पाणी शिंपडत बसलो होतो. लस संध्याकाळपर्यंतच टिकणार होती आणि वरच्या गावात देवी अजून हटली नव्हती. शेवटी साहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली, आणि माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाले, की याच्या घरून ते घेऊन या.

जीप परत आली तेव्हा ड्रायव्हरशेजारच्या सीटवर पेटी होती आणि मागं माझी बायको, मांडीवर मुलगी. मला वाटलं घरी काहीतरी झालं. ती खाली उतरली, पदर सारखा केला, साहेबांसमोर बोलायची नाही म्हणून माझ्याकडं तोंड करून बोलली.

"आपल्या आळीत देवी आल्यात. सकाळी कळलं." तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "पोरीला इथंच टोचा. पेटीवर टोचा."

माझी बायको, जिनं पेटी माळ्यावर टाकली, ती हे म्हणत होती. दुसरी कुठली वेळ असती तर मी तिला महिनाभर चिडवलं असतं.

पेटी पारावर ठेवली. ती पहिली मुलगी कुठूनशी येऊन पेटीपुढं बसलीच होती. तिचं टोचून झालं होतं, पण वाजवायचा हक्क आपला असं ती धरून चालली होती. भात्यावरचा शेंबडा मात्र खरंच मामाच्या गावाला गेला होता. पाटलाच्या आईनं इकडंतिकडं पाहिलं आणि साहेबांना म्हणाली, "तुमी बसलेच हाईत, तर भाता धरा."

साहेब उठले, पेटीमागं मांडी घालून बसले आणि भाता धरला. त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं.

मी मुलीचा दंड हातात घेतला. टोचणी उचलली आणि परत खाली ठेवली. बायकोनं ते पाहिलं, आणि इतक्या वर्षांत जे मी तिला सांगितलं नव्हतं ते त्या क्षणी सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. आम्हा दोघांना एकदमच देवी आल्या होत्या, मला आणि माझ्या ताईला. ती आठ वर्षांची. एकाच वाकळीवर आम्ही पडलेलो. डोळे चिकटून गेले होते, एकमेकांना दिसत नव्हतो. मी सारखा विचारायचो, ताई आहेस का. बोलून बोलून तिचा घसा दुखायला लागला, तेव्हा ती नुसतं गुणगुणायला लागली, बाया म्हणत त्यातलं एक देवीचं गाणं, म्हणजे मला कळावं की ती आहे. ते ऐकत मला झोप लागली. जागा झालो तेव्हा गुणगुणणं थांबलं होतं. मी विचारलं, ताई आहेस का. कुणी बोललं नाही. माझी झोप देवीनं नेली नाही. मीच त्यानंतर झोपायला घाबरलो.

"दाक्तर, चालू करू?" पेटीवरच्या मुलीनं विचारलं.

"कर. थांबू नको."

तिनं तीच पट्टी दाबून धरली. साहेबांचा भाता एकसारखा चालला होता. त्या सुराला कान देऊन मी टोचणी ठेवली आणि फिरवली, दोनदा. माझी पोरगी किंचाळली, मग पेटीकडं बघून गप्प झाली. झालं. मागं वळून पाहिलं तर पाराखाली रांग लागली होती.

साहेबांनी परत जाऊन काय लिहिलं ते मला पुढं कळलं. सदर गावी काम समाधानकारक झाले, वाद्याबाबत निर्णय यथावकाश कळवण्यात येईल, असं काहीसं होतं. तो निर्णय यायच्या आधी आमचा अख्खा मराठवाडाच मुंबई राज्यात गेला आणि तो कागद कुठल्या कचेरीत राहिला कोण जाणे. पेटीला त्यानंतर कुणी अडवलं नाही. आमच्या आळीतली देवी उतरली, मुलीचा फोड आठव्या दिवशी उत्तम उठला आणि मी तो जेवताना दोनदा सांगितला. बायकोनं पुन्हा विचारलं, खळगा मधोमध आहे ना.

हजारो बोटांनी बडवून पेटीचं काय व्हायचं ते झालं. भजनात साथीला ती नेण्यासारखी राहिली नाही, आणि माझं टाळ वाजवणं कायमचं झालं. याचं मला वाईट वाटलं. वाटलं नाही म्हणालो तर खोटं होईल. पेशकारसाहेब एकदा कुठल्याशा लग्नाला इकडं आले तेव्हा आमच्याकडं चहाला आले. त्यांनी पेटी पुढं ओढली, सगळ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवली. तीन पट्ट्या बोलल्या नाहीत. मी खाली मान घालून सगळी हकिगत सांगितली. त्यांनी पुन्हा एकदा बोटं फिरवली. "तीन ही मरे?" ते म्हणाले. "बंद रहती तो सब मर जाते."

मुलगी चार-पाच वर्षांची झाली तशी पेटीवर तिनं कबजा केला. हंगाम संपला की मी दुपारी घरी असतो. ती ओसरीवर बसून बडवत असते, तेच तेच दोन सूर, तासन् तास, आणि तिच्या शेजारी वाकळीवर मी झोपलेला असतो. शेजारच्या बाईनं एकदा बायकोला विचारलं, की एवढ्या कालव्यात यांना झोप कशी लागते. पोरीला जरा थांबवा की. बायको म्हणाली, थांबवू नका, उठतील.

ते खरं आहे. पेटी थांबली की मला जाग येते. डोळे न उघडताच मी विचारतो, आहेस का.

"हाय ना बाबा," ती म्हणते. "बोट दुखून राह्यलं." आणि परत वाजवायला लागते.